गिधाडकड्याखालची ‘तेरणा क्वीन’

येडशीकडून ट्रेलरवर शिडाची होडी कड्याच्या वाडीत आली, तेव्हा ती बघायला दीडएकशे माणसं जमली होती. त्यातल्या एकालाच होडीचं तोंड कोणत्या बाजूला आहे हे कळत होतं. तो म्हणजे मल्हार देवकते. बाकीच्यांनी हळदीकुंकवाचे टिळे होडीच्या पिछाडीला लावले, नारळही तिथंच फोडला. मल्हारने ते चालू दिलं. टिळा कुठेही लागला तरी होडी बुडत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं.

होडी चोवीस फुटांची, फायबरची, एका डोलकाठीची आणि दोन शिडांची होती. कोकणातल्या कुणीतरी वापरून कंटाळून विकलेली. ती विकत घेणारे कृष्णराज हे वाडीच्या तलावाकाठी ‘कृष्णराज लेक रिसॉर्ट’ काढत होते. रिसॉर्टमध्ये आत्तापर्यंत एक कमान, सहा तंबू आणि एक स्वच्छतागृह एवढं उभं राहिलं होतं. स्वच्छतागृहाला पाणी नव्हतं, पण समोर तलाव होता. होडीचं नाव ठेवलं होतं ‘तेरणा क्वीन’. तेरणा नदीचा या तलावाशी काडीचाही संबंध नाही, हे मल्हारच्या बापाने सांगून पाहिलं. कृष्णराज म्हणाले, “ब्रँडिंग आहे ते, धुळाप्पा.” धुळाप्पाने मान हलवली. न कळलेल्या गोष्टीला तो नेहमी तशीच मान हलवायचा.

मल्हार सतरा वर्षं फौजेत होता, इंजिनिअर पलटणीत. भरतीच्या वेळी त्याचं वजन चौपन्न किलो होतं आणि पलटणीच्या शिडाच्या होड्यांच्या टीमला हलका माणूस हवा होता. एवढ्या एका कारणावर बालाघाटाच्या डोंगरात मेंढरांमागे वाढलेल्या माणसाने अर्धी नोकरी मुंबईच्या आणि गोव्याच्या पाण्यावर काढली. गेल्या मे महिन्यात तो हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला. पुण्याच्या एका सोसायटीत त्याच्यासाठी सुपरवायझरची जागा राखून ठेवली होती. सुपरवायझर म्हणजे गेटवर उभं राहून मोटारी येताना आडवा दांडा वर करणारा आणि मोटारी गेल्यावर खाली करणारा माणूस. पलटणीतले त्याचे तीन जोडीदार तेच काम करत होते, आणि आता ते फोनवर हळू आवाजात बोलायला लागले होते. मल्हारला एक फेब्रुवारीपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

कृष्णराजांनी त्याला बोलावून सांगितलं, “मल्हारराव, पंचवीस-सव्वीस जानेवारीला आपला जलमहोत्सव. तेवढे दोन दिवस होडी जागेवर नीट राहू द्या. मग तुम्ही कॅप्टन, कायमचे. ऑर्डर टाइप करून ठेवतो.”

घरापासून चालत वीस मिनिटांवर पाणी, पाण्यावर शीड, आणि वर ऑर्डर. मल्हारने त्या दिवशी पुण्याला फोन केला नाही.

अडचण होती ती कड्याची.

तलावाच्या पश्चिमेला पावणेदोनशे फुटांचा सरळ कडा आहे. त्याला गिधाडकडा म्हणतात. गिधाडं गेली, नाव राहिलं. त्या कड्यावर कृष्णराजांनी चार रंगाऱ्यांना दोरावर लोंबकळत ठेवून पिवळ्या रंगात रिसॉर्टचं नाव लिहून घेतलं होतं. एकेक अक्षर बैलगाडीएवढं. होडी त्या अक्षरांच्या बरोबर खाली उभी राहिली पाहिजे, अगदी कड्याला खेटून, म्हणजे फोटोत खाली शीड आणि वर नाव येईल, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. ही कल्पना त्यांचे मेहुणे योगीराज यांची. योगीराज महोत्सवाचे ‘इव्हेंट हेड’ होते. ड्रोन त्यांचा, मोबाइलचे दोन हँडसेट त्यांचे, आणि पाण्याची भीतीही त्यांचीच. गुडघ्याच्या वर पाण्यात ते कधी गेले नव्हते.

“दाजी, मी खोली मोजली,” योगीराजांनी कृष्णराजांना सांगितलं. “सुतळीला दगड बांधून. चाळीस फूट पाणी आहे. आपण नांगराला पन्नास फूट दोर सोडू. दहा फूट जास्तीचाच झाला.”

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. या मुलखात माणसाने दोर म्हणून जो पाहिलेला असतो तो विहिरीचा. पाणी जेवढं खोल तेवढा दोर, वर दोन हात जास्त. पोहरा बुडाला की काम झालं. तो हिशेब इतका हाडात मुरलेला होता की त्यात काही चुकतंय हे मल्हारखेरीज कुणाच्या मनातही आलं नाही.

“दोनशे फूट लागेल,” मल्हार म्हणाला.

“दोनशे?” योगीराज हसले. “मल्हारराव, मिलिटरीत दोर सरकारचा असतो, म्हणून तिथं दोनशे. इथं दाजींचा आहे.”

लोक हसले. ‘पाण्यात नांगर घालून काय पेरणार’ हा विनोद तर पहिल्या दिवशीच अकरा जणांनी करून झाला होता. मल्हारने मोजले होते.

तो कृष्णराजांकडे वळला. “दादा, जमिनीत ठोकलेला खुंटा उपटायचा असला तर तुम्ही तो कसा ओढता? सरळ वर. आडवा ओढला तर निघतो का? नांगराचंही तसंच आहे. दोर लांब असला की ओढ आडवी बसते आणि नांगर मातीत रुतत जातो. दोर आखूड असला की ओढ वर येते. होडीच स्वतःचा नांगर उपटून काढते.”

“बरं. मग कड्याखाली दोनशे फूट सोडा.”

“दोनशे फूट दोरावरची होडी चारी बाजूंनी फिरते. कड्याला खेटून ठेवली तर कड्यावरच जाऊन आपटेल. तीनशे फूट अलीकडे ठेवू. कडा दिसेल फोटोत.”

“कडा दिसेल, पण नाव होडीच्या वर नाही येणार,” योगीराज म्हणाले.

कृष्णराज दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. ज्याचं काम चालू असतं त्याला थोडं आणि ज्याच्या बहिणीशी लग्न केलेलं असतं त्याला थोडं, असा त्यांचा न्याय होता. “तुम्ही म्हणता तसं करा मल्हारराव. नंतर बघू,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हार बापाला घेऊन भोयांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसला. शिशाच्या वजनाला बुडाशी त्याने कणकेचा गोळा चिकटवला होता. वजन तळाला लागलं की तिथलं जे असेल ते कणकेला चिकटून वर येतं.

“सतरा वर्सं सरकारनं शिकिवलं,” धुळाप्पा म्हणाला, “अन् शेवटाला कणीक अन् बाप.”

“आबा, तुम्ही फक्त सांगा खाली काय काय आहे.”

कड्याच्या अगदी खाली वजन सोडलं. कणीक कोरी वर आली, नुसते ओरखडे.

“तितं काय घावणार? पाथर हाय त्यो सगळा. तलाव व्हायच्या आदी आमी त्याच्यावर मेंढरं कातरायचो. लोकर माती न लागता गोळा व्हायची.” धुळाप्पाने हाताने लांबी दाखवली. “हितपातुर. त्या बाभळीच्या दिशेला.”

मल्हारने मोजलं. कड्यापासून सव्वादोनशे फुटांपर्यंत सपाट खडक. त्यावर नांगर टाकणं म्हणजे फरशीवर नांगर टाकणं. त्यापुढे वजन टाकलं आणि कणकेला काळी चिकट माती चिकटून आली. धुळाप्पाने ती बोटावर घेतली, चोळली.

“हे इठाबाईचं रान. ज्वारी अशी यायची, बैल आत गेला तर दिसायचा न्हाय. गेली बिचारी ईट गावाला लेकीकडं.”

“आणि वारा, आबा?”

“वारा इतं वाहत न्हाय, पडतो. थंडीत दीस कड्यामागं गेला, चारच्या पुढं, की वरनं गार वारा धाडकन खाली येतो. अन् खाली आपटून मागं फिरतो. कवा कुटून यील, देवाला बी सांगता यायचं न्हाय. आमी त्याच्या आदी मेंढरं काढून घ्यायचो. वाऱ्यासंगं दगडं बी येतात.”

मल्हारला हे शब्द वेगळ्या भाषेत पाठ होते. उंच कड्याखाली नांगर टाकताना कड्याचा आसरा आहे असं समजू नये, हे त्याला पहिल्या वर्षी एका सुभेदाराने डोक्यात टपली मारून शिकवलं होतं. त्याने विठाबाईच्या रानात नांगर टाकला, दोनशे फूट नारिंगी दोर सोडला. काठावरची बाभूळ आणि तिच्या मागे पंपाच्या खोलीचा कोपरा एका रेषेत दिसले की आपण बरोबर जागेवर आहोत, ही खूण त्याने मनात ठेवली. लागोपाठ दोन संध्याकाळी वारा पडला. होडी गोल फिरली, दोर ताणला, सैल झाला आणि ती जिथल्या तिथे राहिली. मल्हार काठावर बसून बघत होता. तेवढे दोन दिवस त्याने स्वतःला कॅप्टन म्हणून घेतलं, अर्थात मनातल्या मनात.

सव्वीस तारखेला दुपारी तीनचा कार्यक्रम होता. पाहुणे पावणेचारला आले. तलावाच्या भरावावर मंडप, मंडपात सोफे, सोफ्यांमागे खुर्च्या, खुर्च्यांमागे गाव. मल्हारला पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि डोक्याला गुलाबी फेटा बांधून मंचावर दुसऱ्या ओळीत बसवलं होतं. त्याचाही सत्कार होणार होता.

“मला होडीजवळ राहू द्या,” तो सकाळपासून सांगत होता.

“सत्काराला माणूस नसला तर कसं दिसेल?” योगीराज म्हणाले. “होडी काय पळून जाणार आहे?”

सत्कार यादीनुसार सुरू झाले. आधी पाहुणे, मग पाहुण्यांबरोबर आलेले, मग ज्यांचा सत्कार केला नाही तर रुसतील असे, मग ज्यांचा केला तरी रुसणार आहेत असे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. फोटो नीट आला नाही तर शाल काढून पुन्हा पांघरायची. मल्हारचा नंबर अठरावा होता. तो आपला समोर बघत बसला होता, आणि बघता बघता त्याची नजर सोफ्यांभोवती फिरून आली.

महत्त्वाच्या पाहुण्यांच्या सोफ्यांभोवती बांबू रोवून दोर बांधला होता, साध्या लोकांनी आत येऊ नये म्हणून. दोर नारिंगी होता. जाडी त्याच्या ओळखीची होती. एका टोकाला जो काळा धागा होता तो मल्हारनेच गुंडाळला होता, टोक उसवू नये म्हणून.

त्याने मान वळवून तलावाकडे पाहिलं. ‘तेरणा क्वीन’ कड्याखाली उभी होती, पिवळ्या ‘राज’च्या बरोबर खाली, कड्यापासून चाळीसेक फुटांवर. तिच्यात पाच-सहा रंगीत साड्या दिसत होत्या.

योगीराज मंचामागून चालले होते. मल्हारने त्यांचा दंड धरला.

“होडी कुणी हलवली?”

“मीच. रबरी बोटीनं ओढून घेतली. नाव नीट येत नव्हतं फोटोत.”

“दोर?”

“पन्नास फूट ठेवला की. बाकीचा उरला, तो इथं कामी आला. चांगला रंग आहे.”

“अन् त्या बायका?”

“आत्याबाई. तलावाची ओटी भरायला. आणखी चौघी आहेत सोबतीला. ड्रोन आत्ता उडेल.”

आत्याबाई म्हणजे कस्तुराबाई, कृष्णराजांच्या वडिलांची बहीण, वय एकाहत्तर. घरात त्यांच्या शब्दाशिवाय चूल पेटत नसे.

“जॅकेटं घातलीत का त्यांनी?”

“साड्या दिसत नव्हत्या हो जॅकेटात.”

मल्हारने कड्याकडे पाहिलं. सूर्य कड्याच्या माथ्याला टेकला होता. घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली होती. तो वाकून पहिल्या ओळीत कृष्णराजांच्या कानाशी गेला.

“दादा, पाच-दहा मिनिटांत वारा पडेल. होडी खडकावर आहे आणि दोर आखूड आहे. नांगर धरणार नाही. बाजूला सगळे धोंडे आहेत.”

कृष्णराज हसरा चेहरा न मोडता ओठांतून म्हणाले, “पाहुण्यांचं भाषण चालू आहे. ते झालं की जा.”

“भाषण केवढं आहे?”

“मल्हारराव, बसा.”

पाहुणे माइकवर सांगत होते की मराठवाड्याच्या पाठीशी आता समुद्रही उभा आहे. टाळ्या झाल्या. मल्हार मंचावरून खाली उतरला, सोफ्यांपाशी आला आणि त्याने पहिल्या बांबूवरची गाठ सोडली. दुसरी सुटेना तेव्हा बांबूच उपटला. तिसरा बांबू एका सभापतींच्या पायावर पडला.

“ए, ए! कोण रे तो? व्हीआयपी आहेत तिथं!”

“कॅप्टन आहे,” कुणीतरी म्हणालं.

“प्यालाय का?”

माइक क्षणभर थांबला आणि मग त्यावरूनच योगीराजांचा आवाज आला, “कृपया शिस्त राखावी.” मल्हारने दीडशे फूट दोर हातावर गुंडाळत, फेटा आणि सोनेरी पट्ट्यांसकट भरावाचा उतार पळत गाठला, रबरी बोट पाण्यात लोटली आणि मोटार चालू केली.

तो अर्ध्या वाटेवर असताना पहिला वारा पडला. आधी कड्याखालचं पाणी काळं झालं, मग त्यावर बारीक सुरकुत्या धावल्या, आणि मग होडी एकदम एका कुशीवर झुकली. बायकांनी किंकाळी मारली आणि पाचही जणी वरच्या बाजूने खालच्या बाजूला आल्या, त्यामुळे ती आणखी झुकली. वारा खाली आपटून मागे फिरला आणि होडी स्वतःभोवती फिरून उलट्या तोंडाने कड्याच्या पायथ्याच्या धोंड्यांकडे सरकू लागली. खाली नांगर पाथरावरून खरडत येत होता. मेंढरं कातरायचा पाथर तो. त्याने आजवर काहीच धरून ठेवलं नव्हतं.

मल्हार होडीला भिडला तेव्हा धोंडे वीस-पंचवीस फुटांवर होते. तो रबरी बोट बांधून वर चढला.

“बसा! खाली, बुडाशी बसा. मधोमध. उभं राहायचं न्हाय कुणी!”

“अरं मेल्या, तू कुटं होतास?” कस्तुराबाई ओरडल्या. त्यांच्या मांडीवर हिरवं लुगडं, खण आणि नारळ तसाच होता. ओटी अजून भरायची होती.

“सत्काराला, काकू.”

पन्नास फूट दोर त्याने हातावर हात टाकत ओढून घेतला. नांगर जड नव्हता, बारा किलोचा, आणि त्याला खाली धरून ठेवणारं काही नव्हतं, म्हणून तो लगेच आला. डेकवर नांगर आडवा टाकून त्याने पुढचं लहान शीड अर्धं उघडलं. शिडात वारा भरला. पहिला झटका धोंड्यांच्या बाजूला गेला, आणि मागची बाजू कशाला तरी घासल्याचा आवाज आला. एक बाई ‘रामलिंगा, रामलिंगा’ म्हणायला लागली. मग सुकाणूने पाणी धरलं आणि होडी कड्याकडे पाठ करून तलावाच्या मध्याकडे निघाली.

भरावावरून गलका येत होता. माइकवर योगीराज ओरडत होते, “काठाला घ्या! कॅप्टन, काठाला घ्या!” खाली लोकही तेच ओरडत होते. पाण्याजवळ राहणाऱ्या पण पाण्यावर न गेलेल्या माणसाला काठ म्हणजे जीव वाटतो. होडीला काठ म्हणजे दगड.

“आरं काठाला घे म्हंत्यात,” कस्तुराबाई म्हणाल्या. “कुटं नेतोस आमाला?”

“मधी.”

“मधी बुडवून मारतोस व्हय?”

“काठाला मरतात काकू, मधी न्हाय. दोर धरा हा. सोडू नका.”

त्यांनी दोर धरला. आयुष्यभर दुसऱ्यांना काम सांगितलेल्या बाईने एकदाही का म्हणून विचारलं नाही. मल्हारने एका गुडघ्याखाली सुकाणू दाबून दोराचे दोन्ही तुकडे दुहेरी गाठीने बांधले, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. मग मान वर करून बाभूळ शोधली. बाभूळ आणि पंपाच्या खोलीचा कोपरा हळूहळू जवळ आले आणि एका रेषेत उभे राहिले. त्याने शीड गुंडाळलं, नांगर सोडला आणि दोनशे फूट दोर एकसारखा पाण्यात जाऊ दिला. शेवटचा फूट गेल्यावर दोर ताणला, त्यातून पाणी पिळून निघालं, आणि होडीने वाऱ्याकडे तोंड केलं. मग दुसरा वारा आला, पहिल्यापेक्षा मोठा. होडी डुलली. जागेवर राहिली.

“आता?” कस्तुराबाईंनी विचारलं.

“आता भरा ओटी.”

त्यांनी भरली. ड्रोन वाऱ्याने बाभळीत जाऊन अडकला होता, म्हणून त्या ओटीचा फोटो कुणाकडेच नाही.

अर्ध्या तासाने वारा शांत झाल्यावर मल्हारने पाचही जणींना रबरी बोटीने दोन फेऱ्यांत काठाला आणलं. तोवर पाहुणे निघून गेले होते. मंडपात चर्चा होती ती सभापतींच्या पायाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला रिसॉर्टच्या ऑफिसात, म्हणजे पहिल्या तंबूत, बोलावलं. कृष्णराज होते, योगीराज होते, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर कस्तुराबाई चहा पीत होत्या. टेबलावर एका चिमट्यात दोन कागद होते.

“काल बायका जॅकेटाशिवाय होडीत कशा होत्या, आणि होडी कशी सुटली, असं महसूलच्या साहेबांनी विचारलंय,” कृष्णराज म्हणाले. “लेखी द्यायचं आहे. नाहीतर पाण्यावरची परवानगी जाते. आम्ही तयार केलंय. तुम्ही वाचून घ्या.”

मल्हारने वाचलं. कॅप्टन श्री. मल्हार धुळाप्पा देवकते यांनी स्वतःच्या अनुभवाच्या जोरावर नांगराची जागा व दोराची लांबी बदलली. निसर्गाच्या अनपेक्षित लहरीमुळे किरकोळ प्रसंग उद्भवला. व्यवस्थापनाने तत्परतेने परिस्थिती हाताळली. खाली त्याच्या सहीची जागा. दुसरा कागद नेमणुकीचा होता. कॅप्टन, कायमस्वरूपी, एक फेब्रुवारीपासून.

“एक सही इकडं, एक तिकडं,” योगीराज म्हणाले. “काही होत नाही हो. साहेब ओळखीचे आहेत. तुमच्यावर कारवाई थोडीच होणार? नुसतं कागदाला एक नाव लागतं.”

“जागा तुम्ही बदलली.”

“मग मी लिहून देऊ का? मी काय कॅप्टन आहे?”

या बोलण्यात मेहुण्याला काही गैर वाटलं नाही, आणि दाजींनाही वाटलं नाही. मल्हारला हेच जास्त खुपलं. या माणसांना खोटं बोलतानासुद्धा आपण खोटं बोलतोय हे जाणवण्याएवढेही कष्ट पडत नव्हते. काल वीस फुटांवर जे धोंडे होते, ते यांच्यासाठी कधी नव्हतेच. यांच्यासाठी होता एक बिघडलेला फोटो. आणि सही केली तर उद्यापासून होडी पुन्हा पिवळ्या अक्षरांखाली उभी राहणार होती, पन्नास फूट दोरावर, त्याच्या नावाच्या जबाबदारीवर.

तो कस्तुराबाईंकडे वळला. “काकू, तुम्ही होडीत होता. तुम्हाला न्यायच्या आधी होडी कुणी ओढली, ते तुम्ही पाहिलं.”

कस्तुराबाईंनी बशी खाली ठेवली. एकदा भाच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या पाटल्यांकडे. “मला काय कळतंय बाबा त्यातलं. मी ओटी भरत हुते.”

“बरोबर आहे,” मल्हार म्हणाला. “मला एक कोरा कागद द्या.”

“कशाला?” कृष्णराजांनी विचारलं.

“लेखी पाहिजे ना साहेबांना?”

त्याने उभ्यानेच लिहिलं. पाच ओळी. पंचवीस जानेवारीला नांगर कुठे होता, दोर किती होता. सव्वीसला तो कुणी, किती वाजता, कशाने हलवला. दोर कुठे कापला आणि कापलेला तुकडा कुठे बांधला. किती बायका, किती जॅकेटं. वारा किती वाजता पडला. पलटणीत असा अहवाल रोज लिहावा लागे. त्यात ‘अनपेक्षित’ हा शब्द लिहिणाऱ्याला सुभेदार पुन्हा लिहायला लावत. सही केली, तारीख घातली, फोनमध्ये फोटो काढून घेतला आणि कागद टेबलावर ठेवला.

“हा मी साहेबांना आजच नेऊन देतो. तुम्ही तुमचा द्या. दोन्ही वाचतील.”

कृष्णराजांनी कागद वाचला आणि त्यांचा कालपासूनचा हसरा चेहरा पहिल्यांदा मोडला. “मल्हारराव, गावात राहायचंय का नाही तुम्हाला? एवढी चांगली नोकरी घरात चालून आली. ही मस्ती बरी नाही.”

“होडी जागेवर ठेवली तर नोकरी, असं ठरलं होतं. होडी जागेवर आहे. जाऊन बघा.”

“मग पुण्याला जाऊन दांडे वर-खाली करणार?”

“करीन,” मल्हार म्हणाला. “तिथं दुसऱ्याची चूक कुणी माझ्या नावावर लिहीत नाही.”

योगीराजांनी नेमणुकीचा कागद चिमट्यातून काढून घेतला. पाठकोरा होता, वाया घालवायचं कारण नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊच्या गर्दीत, पुण्यातल्या गेटवर मल्हारला बापाचा फोन आला.

“आरं, ऐकलंस का? परवानगी गेली त्यांची. पाण्यावर काय बी चालवायचं न्हाय म्हंत्यात.”

“होडी कुठंय मग?”

“सिमिटात.”

“काय?”

“कड्याच्या बगलंला खडकावर ओटा बांधला. क्रेननं उचलून ठिवली त्याच्यावर, अन् बुडाला सिमिट भरलं. शीड पत्र्याचं केलंय, पिवळं. वर शिडी हाय. माणसं चढत्यात, फोटू काढत्यात. रईवारी लाइन असती. योगीराज शिट्टी घिऊन हुबा असतो. कॅप्टन हाय त्यो आता. डोक्याला टोपी बी हाय.”

मल्हारने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“दिसती मातर झ्याक,” धुळाप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं की दुसरं काही, ते फोनवर कळलं नाही. “नाव बरूबर वर येतं फोटूत.”

“तोंड कुठल्या बाजूला केलंय?”

“कुणाचं?”

“होडीचं, आबा.”

“डोंगराकडं,” धुळाप्पा म्हणाला.

मागे एका पांढऱ्या मोटारीने दोनदा हॉर्न वाजवला. मल्हारने फोन खिशात टाकला आणि दांडा वर केला.